गरुडाचे घरटे आणि माझा कॅमेरा

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने नवा कॅमेरा घेतला. सोबत सहाशे मिलीमीटरची लेन्स. ती लेन्स हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवले ते तिचे वजन, आणि मग थोडासा हेवा. आमच्या उमेदीच्या काळात अशी लेन्स फक्त परदेशी मासिकांच्या जाहिरातींत पाहायला मिळे. फराळाचे ताट बाजूला सारून तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, ‘काका, कोकणातलं ते गरुडाचं घरटं तुम्हाला माहीत आहे ना? या सीझनला मला तिथे घेऊन चला. नाही जमलं तर नुसतं ठिकाण सांगा, मी शोधून काढीन.’

मी काही बोललो नाही. उठलो, कपाटातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्यातली एक स्लाइड त्याच्या हातात दिली. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि ‘वा!’ म्हणाला. वाटणारच तसे. समुद्री गरुडाची मादी घरट्याच्या काठावर उभी आहे, पंख अजून पुरते मिटलेले नाहीत, पंज्यात मासा आहे आणि मागे निळे आकाश. एका हौशी मंडळाच्या प्रदर्शनात या छायाचित्राला बक्षीसही मिळाले होते. ‘मग हे भिंतीवर का नाही लावलंत?’ त्याने विचारले. त्याला जे सांगितले तेच आज इथे लिहितो आहे. घराघरांत आता मोठे कॅमेरे आले आहेत. आपल्याकडे गरुड, गिधाडे, घारी या शिकारी पक्ष्यांच्या विणीचा मोसम साधारण थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि नेमके तेच आपले सुट्ट्यांचे, सहलींचे दिवस. तेव्हा ही गोष्ट माझ्या एकट्याची राहिलेली नाही.

गोष्ट १९९४ च्या जानेवारीतली. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राकाठी माझ्या मामांचे गाव आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, त्याचे कारण पुढे येईलच. मामांच्या आगराच्या टोकाला, खाडीकडच्या अंगाला, एक जुने रायवळ आंब्याचे झाड होते. दोघांच्या कवेत न मावणारे. त्याच्या शेंड्याजवळच्या बेचक्यात समुद्री गरुडाच्या जोडीने काटक्यांचा भला मोठा ढीग रचला होता. हे गरुड आपले घरटे वर्षानुवर्षे वापरतात. दर हंगामात त्यावर नव्या काटक्या, हिरवा पाला येऊन पडतो आणि ढीग वाढत जातो. मामा म्हणायचे, ‘ही जोडी माझ्या लग्नाच्या आधीपासून इथली आहे.’ जोडी तीच असेल की नाही कोण जाणे, पण घरटे तेच होते.

ज्यांनी हा पक्षी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोके, मान आणि पोट पांढरेशुभ्र, पाठ आणि पंख राखी. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे दोन मीटर भरतात. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे मुख्य अन्न. पाण्यावर तरंगत येऊन तो पंज्यांनी सावज उचलतो, पाण्यात सहसा बुडी मारत नाही. थंडीच्या सुरुवातीला नर-मादीची आकाशातली गिरकी आणि त्यांचा तो बदकासारखा, नाकातून काढल्यासारखा आवाज ज्याने ऐकला, तो विसरत नाही.

मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होतो. संक्रांतीला जोडून चार दिवस रजा काढली. जवळ एक हाताने फिरवायचा कॅमेरा, चारशेची लेन्स आणि स्लाइड फिल्मचे तीन रोल. प्रत्येक रोलमध्ये छत्तीस फोटो. एकेक बटण दाबताना हिशेब करावा लागे. चारशेची लेन्स म्हणजे पक्ष्याच्या जवळ जाणे आलेच. म्हणून गावातल्या पाडेल्याला हाताशी धरले. नारळ पाडणारा माणूस, त्याला झाडाचे भय नाही. आंब्यापासून तीसेक फुटांवर दुसरे झाड होते. त्यावर त्याने दोन वासे बांधून मचाण केले, भोवती गोणपाट गुंडाळले आणि लेन्सपुरते भोक ठेवले.

पहिल्या दिवशी सकाळी मी वर चढलो तेव्हा मादी घरट्यात होती. ती उडाली. घरट्यात पांढऱ्या लवीचे दोन गोळे दिसले. पिल्ले फार तर आठवड्याची असावीत. मादी बराच वेळ वर घिरट्या घालत ओरडत राहिली. मग नर आला, पंज्यात काहीतरी घेऊन, पण तोही उतरला नाही. मी घड्याळ पाहत होतो. दोन तास चाळीस मिनिटांनी मादी घरट्यावर उतरली. तो आकडा मी त्या रात्री डायरीत अभिमानाने लिहिला होता: ‘पक्ष्याने मचाण स्वीकारले.’

दुसऱ्या दिवशी लक्षात आले की, घरट्यावर आलेली एक फांदी मध्ये येते आहे. तिच्या पानांची सावली नेमकी काठावर पडते, पक्ष्याचा चेहरा काळा येतो. मी पाडेल्याला सांगितले. तो जरा घुटमळला. म्हणाला, ‘भाऊ, राहू द्या की. सावली बरी हाय पोरांना.’ मी म्हणालो, ‘एकच फांदी रे.’ त्याने कोयत्याचे दोन घाव घातले आणि फांदी खाली आली. तिसऱ्या दिवशी मला तो फोटो मिळाला. मासा घेऊन आलेली मादी, स्वच्छ प्रकाश, मागे निळे आकाश. फांदी असती तर ते आकाश दिसले नसते.

चौथ्या दिवशी मी पुण्याला परतलो. स्लाइड्स धुऊन आल्या, मित्रांनी पाठ थोपटली. फेब्रुवारीत मामांचे आंतर्देशीय पत्र आले. त्यात नेहमीचेच, आंब्याला मोहोर बरा आहे, मामीचे गुडघे दुखतात. शेवटी एक ओळ होती: ‘गरुडाचे घरटे ओस पडले आहे.’ बस, तेवढेच. मामांनी मला बोल लावला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

मे महिन्यात गेलो तेव्हा पाडेल्याकडून बाकीचे कळले. मी वर बसलो असताना आणि मादी लांब घिरट्या घालत असताना कावळे आंब्यावर जमू लागले होते. मी भिंगातून फक्त घरट्याचा काठ पाहत होतो, मला ते दिसले नाहीत. मी गेल्यानंतर दोन दिवसांनी एक पिल्लू झाडाखाली मेलेले सापडले. दुसऱ्याचे काय झाले ते कुणी पाहिले नाही. पुढच्या हंगामात जोडी त्या झाडावर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

नेमके काय घडले?

पुढे मी या विषयाची पुस्तके वाचली, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना भेटलो, तेव्हा माझ्या डायरीतल्या त्या दोन तास चाळीस मिनिटांचा खरा अर्थ कळला. समुद्री गरुडाची मादी बहुधा दोन अंडी घालते. ती सुमारे सहा आठवडे उबवावी लागतात. पिल्ले बाहेर आल्यावर पंखांत बळ यायला आणखी दहा-अकरा आठवडे लागतात. या साऱ्या काळात सगळ्यांत नाजूक दिवस म्हणजे अंडी उबवण्याचे आणि त्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे. लवीतल्या पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान सांभाळता येत नाही. रात्री आणि पहाटे ऊब आईची, दुपारी सावलीही आईचीच. मोठे गरुड पंख अर्धवट उघडून पिल्लांवर छत्रीसारखे उभे राहतात ते उगाच नव्हे. कोकणातल्या दुपारच्या उन्हात उघड्या घरट्यात पडलेले आठवड्याचे पिल्लू किती वेळ तग धरणार? मी छत्री धरणारी आई तीन दिवस दूर ठेवली आणि निसर्गाने दिलेली दुसरी छत्री, ती फांदी, कोयत्याने तोडली.

शिवाय कावळे. मोठा पक्षी घरट्यावरून उठला की त्याची खबर सर्वांत आधी कावळ्यांना लागते. माणसाची वर्दळ ही त्यांच्या दृष्टीने आवतण असते. आणि मादी शेवटी घरट्यावर उतरली याचा अर्थ तिने मला ‘स्वीकारले’ असा नव्हताच. भुकेल्या पिल्लांची ओढ माझ्या भीतीपेक्षा वरचढ ठरली, एवढाच तो अर्थ. ती आली म्हणजे तिला त्रास झाला नाही, असे आम्ही छायाचित्रकार मंडळी स्वतःला समजावत आलो आहोत.

शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत हे नुकसान भरून यायला वेळ लागतो. चिमणी, बुलबुल यांचे एक घरटे मोडले तर त्याच हंगामात दुसरे होऊ शकते. मोठ्या गरुडांची वीण वर्षातून एकदा. गिधाडांचे तर याहून अवघड. ती वर्षाला एकच अंडे घालतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे आपली गिधाडे कशी नाहीशी होत गेली हे आता सर्वांना ठाऊक आहे. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण घटलेली संख्या अजून भरून आलेली नाही. अशा वेळी एखाद्या कड्यावरचे किंवा झाडावरचे एक अंडे केवळ कुणाच्या तरी फोटोपायी वाया जाणे परवडणारे नाही.

जुन्या लोकांचा वारसा

घरट्यावर बसून फोटो काढण्याची रीत आम्ही काही शोधून काढली नव्हती. पक्षी छायाचित्रणाची सुरुवातच मुळी घरट्यापासून झाली. इंग्लंडच्या यॉर्कशरमधले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ या विद्येचे आद्य पुरुष. १८९२ मध्ये त्यांनी अंडी असलेल्या घरट्याचा फोटो काढला आणि १८९५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे, फोटोंनी सजलेले पुस्तक काढले. पक्ष्यांना कळू नये म्हणून त्यांनी बैलाचे कातडे चढवलेला एक पोकळ बैल तयार केला होता, त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह माणूस बसायचा! त्या काळच्या जड कॅमेऱ्यांना आणि मंद काचांना पक्षी एका जागी येणे आवश्यक होते आणि अशी खात्रीची जागा घरटे सोडून दुसरी नव्हती.

एरिक हॉस्किंग हे त्या परंपरेतले सर्वांत मोठे नाव. १९३७ मध्ये वेल्समध्ये एका घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणात शिरत असताना अंधारात त्या घुबडाने त्यांच्या तोंडावर झडप घातली आणि त्यांचा एक डोळा गेला. पुढे त्यांनी उरलेल्या एका डोळ्याने आयुष्यभर फोटो काढले. तरुणपणी मला ही कथा शौर्याची वाटे. आता वाटते, त्या घुबडाच्या बाजूनेही ती एकदा वाचायला हवी. आपल्याकडेही सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक लोक वान थो हे डॉ. सलीम अली यांच्यासोबत हिंडले आणि त्यांनी पक्ष्यांची अप्रतिम छायाचित्रे काढली. या थोर मंडळींना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या काळी पक्षी काय खातो, पिल्लांना कसे भरवतो, हेच पुष्कळदा ठाऊक नव्हते. त्यांच्या फोटोंनी ज्ञानात भर पडली. माझ्या फोटोने कशात भर घातली? प्रदर्शनाच्या एका भिंतीत.

ब्रिटनने या अनुभवातून धडा घेतला. १९८१ च्या कायद्यानुसार तिथे सोनेरी गरुड, बहिरी ससाणा अशा विशेष संरक्षित पक्ष्यांना घरट्यापाशी मुद्दाम त्रास देणे हा गुन्हा आहे आणि फोटोसाठी घरट्याजवळ जायचे तर परवाना लागतो. स्कॉटलंडमधल्या लॉक गार्टन तळ्याची हकीगत तर मुलांना सांगण्यासारखी आहे. ऑस्प्रे हा मासेमार गरुड त्या देशातून जवळजवळ नामशेष झाला होता. १९५४ च्या सुमारास एक जोडी परतली. मग अंडी चोरणारे मागे लागले. १९५८ मध्ये तर पहारा असूनही रात्री अंडी पळवली गेली. तेव्हा तिथल्या पक्षी संरक्षण संस्थेने एक वेगळाच निर्णय घेतला. घरटे लपवून ठेवण्याऐवजी १९५९ मध्ये लोकांना ते दुरून, दुर्बिणीतून दाखवायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी हजारो लोक आले. एवढे डोळे लागल्यावर चोराला वाव राहिला नाही. त्यात महत्त्वाचा शब्द मात्र ‘दुरून’ हाच होता.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. बंदुकीने मारणे, सापळा लावणे यांच्याच जोडीला, वन्य पक्ष्यांची अंडी खराब करणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही त्या व्याख्येत बसते. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आयुष्यात कधी गलोलही न धरलेला मी, कायद्याच्या भाषेत १९९४ च्या जानेवारीत शिकार करून आलो होतो.

कायदा असला तरी प्रत्येक झाडाखाली वनरक्षक उभा राहू शकत नाही. आणि आता काळ बदलला आहे. आमच्या वेळी एका गावात एखादा माझ्यासारखा वेडा पोहोचे. आज घरट्याचा एक फोटो मोबाइलवर टाकला की दोन दिवसांत तिथे दहा गाड्या उभ्या राहतात. प्रत्येकाला तोच फोटो हवा असतो आणि प्रत्येकजण म्हणतो, ‘मी फक्त दहा मिनिटं थांबलो.’ पण पक्ष्याच्या दृष्टीने ती दहा माणसांची शंभर मिनिटे असतात. कुणी ड्रोन उडवतो. गरुडाला तो आपल्या हद्दीत शिरलेला परका पक्षी वाटतो आणि तो त्याच्यावर तुटून पडतो, पाते लागून जायबंदी होण्याची भीती वेगळीच. कुणी पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतो. फांदी तोडणारेही अजून आहेत. म्हणूनच छायाचित्रणाच्या अनेक स्पर्धांनी घरट्यावरचे फोटो घेणे बंद केले आहे. मला विचाराल तर हा त्यांचा सर्वांत चांगला नियम आहे. बक्षीसच नसेल तर कोयता कशाला उचलला जाईल?

मग फोटो काढूच नयेत का? असे मी कधीच म्हणणार नाही. माझी पक्ष्यांशी ओळख कॅमेऱ्यानेच करून दिली. सिडनीच्या ऑलिंपिक पार्कजवळच्या जंगलात आपल्या याच समुद्री गरुडाच्या घरट्यापाशी कॅमेरे बसवले आहेत आणि जगभरातली माणसे घरबसल्या पिल्लांना वाढताना पाहतात. अशा कामाचा शहाणपणा यात आहे की माणसाने रोज झाडापाशी यायचे नाही. कॅमेरा पक्षी विणीला बसण्याआधी लावायचा आणि मग बाजूला व्हायचे.

हौशी माणसासाठी मी एवढेच सांगेन. घरटे अचानक दिसले तर थांबू नका, पुढे चालत राहा. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला, भक्ष्य पंज्यात धरून घरट्यावर न उतरता फिरू लागला किंवा घरट्यात उठून तुमच्याकडे टक लावून उभा राहिला, तर तुम्ही नको तितके जवळ आला आहात, मग लेन्स कितीही लांबची असो. घरट्याचे ठिकाण कुणाला सांगू नका, फोटोसोबत गावाचे नाव देऊ नका. आणि शिकारी पक्ष्याचे खरे रूप घरट्यावर नसतेच. कोणत्याही मासळी बंदरावर संध्याकाळी ब्राह्मणी घारी पाण्यावरचे मासे कशा उचलतात ते पाहा. हिवाळ्यात माळरानावर भोवत्यांच्या मागे हिंडा. कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत उभी राहते, तिचा फोटो मिळवायला आख्खी सकाळ जाते. ते कष्ट आपले असतात, पक्ष्याच्या पिल्लांचे नसतात.

कोकणापुरती एक समाधानाची गोष्टही सांगायला हवी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी किनाऱ्यावर हिंडून समुद्री गरुडांच्या घरट्यांचा शोध घेतला, ज्यांच्या आवारात ती झाडे होती त्या लोकांशी बोलणी केली. त्याच हिंडण्यात २००२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली आणि पुढे वेळासचे कासव संवर्धन उभे राहिले. एका पक्ष्याचे घरटे सांभाळायला निघालेली माणसे दुसऱ्याच एका जिवाच्या मदतीला पोहोचली.

मामा आता नाहीत. तो आंबा एका वादळात पडला. पण खाडीच्या पलीकडे, दुसऱ्या एका झाडावर आता पुन्हा घरटे आहे. मामांच्या मुलाने ते मला लांबून दाखवले, मी पाहिले आणि परत फिरलो. तो म्हणाला, ‘कॅमेरा नाही आणलास?’ मी म्हणालो, ‘आणलाय. पिशवीत आहे.’

पुतण्याला मी डिसेंबरात कोकणात नेले. पहाटे होडीतून खाडीत गेलो. नऊच्या सुमारास तो मोठा पांढरा-राखी पक्षी उन्हातून खाली आला, आमच्यापासून बऱ्याच अंतरावर पाण्यावर पाय टेकवल्यासारखे करून त्याने मासा उचलला आणि जड पंखांनी पलीकडच्या किनाऱ्याकडे निघून गेला. पुतण्याच्या कॅमेऱ्याने तेवढ्या क्षणात चाळीसेक फोटो घेतले. त्यांतले दोन नीट आले आहेत. पक्षी कुठल्या झाडाकडे गेला ते त्याच्या लक्षात आले असणार, कारण तो बराच वेळ तिकडे पाहत होता. त्याने मला काही विचारले नाही. होडीवाल्याला मात्र म्हणाला, ‘दादा, आता परत फिरवा होडी.’